एएन-३२ : पहाडातला मालवाहू

मूळ : सोव्हिएत काळातील कीव्हची अँतोनोव्ह संस्था. पहिले उड्डाण १९७६. भारतीय हवाई दलात १९८४ पासून.

इंजिने : प्रत्येकी ५,००० अश्वशक्तीहून ताकदवान दोन टर्बोप्रॉप. ती पंखांच्या वर बसवल्याने मोठे प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतात आणि कच्च्या धावपट्टीवरची खडी-धूळ इंजिनात कमी जाते. विरळ हवेतही जोर टिकतो.

क्षमता : सुमारे ६.७ टन माल किंवा ४२ छत्रीधारी सैनिक. शेपटीखालचा दरवाजा उघडून रसद हवेतूनच टाकता येते.

पराक्रम : ३१ मे २००८ रोजी लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे, १६,००० फुटांहून उंचावरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरले. तिथे चार दशकांनंतर विमानाची चाके टेकली.

इंधन : ३१ जानेवारी २०२० रोजी दोन्ही इंजिनांत १० टक्के जैवइंधनाचे मिश्रण भरून लेहहून झेप.