मशीन मिळालं, पण शिवायला कोण शिकवणार? जिल्हा परिषदेकडे आधी प्रशिक्षण मागा



मागच्या बॅचला एक ताई आल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांना सरकारी योजनेतून शिलाई मशीन मिळालेलं. मी विचारलं, "महिन्याला किती ब्लाउज निघतात?" त्या हसल्या. "सर, मशीनवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते. मला शिवता कुठं येतंय!"

यात ताईंची काय चूक? योजना निघाली, अर्ज भरला, वस्तू घरी आली. शिलाई शिकण्यासाठीही तिथेच मागणी करता येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. म्हणून आज तेच बोलू.

पैसा येतो कुठून?

जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न असतं, त्याला आपण सेस फंड म्हणतो. त्यातला 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 20 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतही असाच वाटा असतो: अनुक्रमे 10, 15 आणि 5 टक्के. म्हणजे समजा, तुमच्या पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न 10 लाख आहे, तर 1 लाख महिला व बालकल्याणाचे झाले. हा पैसा घरपट्टीसारख्या करांतून येतो. म्हणजे तुमचाच आहे.

दोन गट लक्षात ठेवा

जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या योजना दोन गटांत असतात. गट 'अ' म्हणजे प्रशिक्षण: एमएस-सीआयटी, व्यवसाय प्रशिक्षण वगैरे. गट 'ब' म्हणजे वस्तू: पिठाची गिरणी, शिलाई मशीन, सायकल. गर्दी सगळी 'ब'ला होते, कारण वस्तू डोळ्यांना दिसते. माझं म्हणणं साधं आहे. आधी 'अ' मागा, मग 'ब'. हात बसला की मशीन चालतं, नाहीतर ते टेबल होतं.

कुठल्या वर्षी कुठले कोर्स आणि वस्तू, हे प्रत्येक जिल्हा परिषद ठरवते. त्यामुळे पंचायत समितीत आणि बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन यंदाची यादी बघा. अंगणवाडी ताईंनाही विचारून ठेवा.

खिशाचं गणित

आता वस्तूंच्या बऱ्याच योजनांत थेट खात्यात पैसे येतात. म्हणजे आधी पदरचे घालून खरेदी, मग बिल, मग अनुदान. समजा गिरणी 20,000 ची आणि अनुदान 90 टक्के. तुमचा हिस्सा फक्त 2,000, पण पहिल्या दिवशी दुकानदाराला 20,000 द्यावे लागतात! इथंच गरजू बाई मागे पडते. बचत गटातून अंतर्गत कर्जाची आधीच बोलणी करून ठेवा. आणि मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय खरेदी करू नका, नाहीतर बिल अडकेल.

कोर्स यादीतच नसेल तर?

ग्रामसभेत बोला. गावाचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा ग्रामसभेसमोर येतो, तेव्हा लेखी मागणी द्या. "महिलांसाठी काहीतरी करा" असं मोघम लिहू नका. "गावातल्या 15 महिलांना शिलाईचं प्रशिक्षण हवं" असं लिहा, खाली नावं आणि सह्या. मागणी इतिवृत्तात नोंदली का, ते बघूनच घरी जा.

मागच्या वर्षीचा निधी कशावर खर्च झाला, हे कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

तोवर थांबायचंही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेमार्फत चालणारी आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथं प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणही मोफत.

त्या ताईंनी तिथंच नाव घातलं. परवा फोन आला, "सर, पहिला परकर शिवला. जरा तिरका झालाय, पण शेजारणीनं पैसे देऊन नेला."

मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ एकच: पंचायत समितीत जा आणि विचारा, "यंदा गट 'अ' मध्ये काय आहे?" उत्तर काय मिळालं, ते मला नक्की कळवा.