दिवा मंद का होतो?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीने कित्येक वर्षे शहराचा भार वाहिला. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली. आता ती हौशी मंडळी जपतात, आणि त्यांची एक तक्रार आमच्या कानी नेहमी येते : "नवा बल्ब घातला, तरी उजेड पडत नाही."

आम्ही कोणत्याही तंत्रशाळेची पायरी चढलो नाही. टॅक्सीचालकांच्या संघटनेचे काम करता करता बॉनेटवर वाकून जे शिकलो, तेवढेच सांगतो. आमच्या एका रात्रपाळीच्या चालकाचा डावा हेडलाइट मंद झाला. गॅरेजात तीनदा बल्ब बदलला. तीन रात्रींची कमाई बुडाली. मालकाने ठपका ठेवला तो मात्र चालकाच्या निष्काळजीपणावर. अखेर सापडला तो एक गंजलेला स्क्रू!

हे कसे घडते? वीज बॅटरीतून स्विचमार्गे बल्बपर्यंत तारेने जाते. परत येते ती गाडीच्या पत्र्यावरून. या परतीच्या वाटेला अर्थ म्हणतात. जाण्याच्या वाटेकडे सारे पाहतात, परतीची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. पावसाळ्यात नेमका तेथेच गंज धरतो.

आता हिशेब करू. 12 व्होल्टवर 55 वॉटचा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेतो. वाटेत गंजाचा पाव ओहम जरी अडथळा आला, तरी एक व्होल्टाहून अधिक दाब तेथेच खर्ची पडतो. दाब दहा टक्के घटला, की उजेड मात्र सुमारे तीस टक्के घटतो. बल्ब बिचारा निर्दोष असतो.

म्हणून मोजावयाचे ते दिवा पेटता ठेवून. बल्ब काढून मीटर लावला तर प्रवाहच नसतो. मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. पेटत्या दिव्याच्या परतीच्या टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजावे. व्होल्टाचा एक-दोन दशांश दिसला तर ठीक. पुरा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब. स्क्रू काढून पत्रा चकचकीत घासावा व पुन्हा घट्ट आवळावा. मग बॅटरीच्या धन टोकापासून बल्बच्या दुसऱ्या टोकापर्यंत मोजावे. तेथे अर्ध्या व्होल्टाहून जास्त तोटा असेल, तर स्विच, फ्यूजच्या पट्ट्या व तारांचे जोड तपासावेत.

काही खुणा मीटरवाचूनही कळतात. एकच दिवा मंद असेल तर दोष त्या दिव्यापाशी. दोन्ही मंद असतील तर सामाईक वाटेत किंवा बॅटरीत. वळणाचा दिवा लावताच मागचा लाल दिवाही लुकलुकू लागला, तर तेथील अर्थ तुटला असे समजावे. वीज शेजारच्या बल्बातून परतीची वाट शोधते आहे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद किंवा जाड तार तेथे घालू नये. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो वितळला नाही, तर तार तापते, तिचे आवरण जळते आणि गाडी पेट घेते.

त्या चालकाच्या बुडालेल्या कमाईचा प्रश्न आम्ही मालकापुढे मांडला, तेव्हा तो गंजलेला स्क्रूच टेबलावर ठेवला. दोष कोणाचा हे ठरविण्यापूर्वी तो कोठे आहे हे मोजून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे होते. आजही तेच आहे.