वेगळी बालवाडी म्हणजे वेगळं बसवणं नव्हे

“मुलगा आहे, उशिराच बोलणार. याचा काका चार वर्षांचा होईपर्यंत कुठे बोलत होता?” अडीच वर्षांचं मूल हाकेला वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, अशा वेळी घरोघरी असा एखादा काका हमखास निघतो. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र 18 आणि 24 महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी, म्हणजे स्वमग्नतेसाठी, चाचणी करायला सांगते. काकाची वाट पाहण्यात जातो तो नेमका शिकण्याचा काळ.

स्वमग्न मुलांची बालवाडी म्हणजे त्यांना इतरांपासून बाजूला काढणं, हा त्याहून चिवट गैरसमज. फिल स्ट्रेन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्गमध्ये उभारलेल्या ‘लीप’ पद्धतीत उलटा हिशेब आहे: एका वर्गात तीन-चार स्वमग्न मुलं आणि दहाएक इतर. पण नुसतं शेजारी बसवून मैत्री होत नाही. म्हणून शिकवणी इतर मुलांचीही होते. मित्राचं लक्ष कसं वेधायचं, गाडी कशी मागायची, तो गप्प राहिला तर पुन्हा कसं विचारायचं, हे त्यांना सरावाने शिकवतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 28 वर्गांच्या शिक्षकांना दोन वर्षं प्रशिक्षण दिलं, तर आणखी 28 वर्गांना फक्त पुस्तिका. पहिल्या गटातली मुलं भाषेत आणि सामाजिक व्यवहारात स्पष्टपणे पुढे गेली. पुस्तिका वाटून काम झालं असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

चित्रकार्डांची सवय लागली की मूल बोलायचंच नाही, ही भीतीही आई-बाबांना छळते. प्रत्यक्षात काय होतं? साबणाच्या फुग्यांची बाटली घट्ट बंद असते. मूल फुग्याचं कार्ड बाईंच्या हातात ठेवतं, बाई लगेच “फुगे!” म्हणतात आणि फुंकर मारतात. आपण मागितलं की समोरचा माणूस देतो, हे मुलाला उमगतं. अशा साधनांमुळे बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. काही मुलांचं ते थोडं वाढतंच.

तसंच भाषेचं. “घरात इंग्रजीच बोला, दोन भाषांनी गोंधळेल,” असा सल्ला अनेक मराठी घरांना मिळतो. स्वमग्न मुलांवरच्या अभ्यासांत त्याला आधार सापडत नाही. आजीने खुशाल मराठीत बोलावं.

आठवड्याला चाळीस तास शिकवणी दिली की मूल ‘बरं’ होतं, या जाहिरातींचं मूळ मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासात आहे. त्यातल्या 19 पैकी 9 मुलांनी मोठी झेप घेतली, हे खरं. पण कोणतं मूल चाळीस तासांच्या गटात जाणार आणि कोणतं नाही, हे यदृच्छेने ठरलं नव्हतं. ऑटिझम हा आजार नाही, तेव्हा ‘बरं होणं’ हा शब्दच इथे फसवा.

आणि महागडं केंद्र जवळ नसेल तर? गोवा आणि रावळपिंडीत 65 मुलांवर झालेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांनाच शिकवलं. आपल्याच खेळाचं चित्रीकरण पाहून पालक मुलाच्या कलाने खेळू लागले आणि मुलं आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली.