साफ केल्याने दात हलतात का? हिरडीखालच्या वाकड्या हत्याराची गोष्ट

आजचा विषय आमच्या घरातूनच आलाय. आमचं गाव चोरखमारा, तिरोडा तालुका, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. बाबांना खर्ऱ्याची जुनी सवय. ब्रश करताना रक्त यायचं, पुढचे खालचे दात हलायला लागले. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: "दात साफ केले का अजून हालाले लागते."

तुमच्याही घरी कोणी असं म्हणत असेल. म्हणून नीट समजून घेऊ.

दात आणि हिरडीच्या मध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल. दातावरचा चिकट थर कडक झाला की त्याचा टार्टर होतो. तो हिरडीखाली उतरला की सूज येते, फट खोल होते. यालाच पॉकेट म्हणतात. तिथे ब्रश पोचत नाही, आणि हळूहळू दात धरून ठेवणारं हाड झिजतं.

दात हलतो तो यामुळे! टार्टरने शेजारचे दात एकमेकांना चिकटवून ठेवलेले असतात. तो काढला की आधीच सैल झालेला दात जाणवतो, एवढंच.

आता हत्यारं. आधी प्रोब, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. तिने पॉकेट मोजतात. वरचा थर मशीनने किंवा टोकदार स्केलरने निघतो. पण टोकदार हत्यार खाली नेलं तर हिरडीला जखम होईल. म्हणून तिथे क्युरेट. त्याचं टोक गोल, पाठही गोल.

यातलं सर्वात प्रसिद्ध म्हणजे ग्रेसी क्युरेट. अमेरिकेतले दंतवैद्य क्लेटन ग्रेसी यांनी ह्यूगो फ्रीडमन या हत्यारं बनवणाऱ्यासोबत १४ वेगवेगळे आकार तयार केले. साध्या क्युरेटला दोन्ही कडांना धार असते. ग्रेसीचं पातं सुमारे ७० अंशांत कललेलं, आणि कामाची धार एकच. आपल्या धान कापायच्या विळ्यासारखी! धार मुळाकडे, गोल पाठ हिरडीकडे. दाढेच्या पुढच्या बाजूला ११-१२ नंबर, मागच्या बाजूला १३-१४.

शेवटी बाबा तयार झाले. हिरडी बधिर करून दोन वेळा साफसफाई झाली. रक्त थांबलं. दात मात्र अजून थोडे हलतात, कारण गेलेलं हाड सहसा पूर्ण भरून येत नाही. चार वर्षं आधी गेलो असतो तर, हे मनात येतंच. आणि खर्रा? अजून भांडण चालू आहे. तंबाखू सुरू असली की हिरडी नीट भरत नाही.

तर घरी कोणाच्या हिरडीतून रक्त येत असेल, विशेषतः शुगर असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: "पॉकेट किती मिलिमीटर आहे?"

भेटू पुढच्या भागात!