अपंगांची नेमबाजी

अपंगांची नेमबाजी : शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना भाग घेता यावा, म्हणून शरीरस्थिती, आधार व साहाय्य यांविषयीच्या नियमांत आवश्यक ते फेरफार करून खेळला जाणारा स्पर्धात्मक नेमबाजीचा प्रकार. भारतात शासकीय परिभाषेत अशा व्यक्तींना सध्या ‘दिव्यांग’ ही संज्ञा वापरतात. लक्ष्याचा आकार, त्याचे अंतर, नळीचा अंतर्व्यास व गुणदानाची पद्धती या बाबी सर्वसाधारण नेमबाजीप्रमाणेच ठेवलेल्या असतात. बदलते ती नेमबाजाची बैठक आणि त्याला वा त्याच्या शस्त्राला द्यावयाचा आधार. अपंगत्वामुळे उणावलेली क्षमता आधाराने भरून काढावी. मात्र शस्त्र स्थिरावणे, नेम धरणे आणि गोळी सोडण्याचा क्षण निवडणे ही कामे नेमबाजाकडेच राहावीत, हे या प्रकारच्या नियमांमागील मूलतत्त्व होय.

स्थिरतेचा प्रश्न : नेमबाजीत वेग वा ताकद यांपेक्षा स्थिरतेस अधिक महत्त्व असते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा मध्यबिंदू अवघ्या ०.५ मिमी. व्यासाचा असून लगतच्या दोन वर्तुळांमधील अंतर २.५ मिमी. असते. छरा ४.५ मिमी. व्यासाचा असतो. सु. १ मी. लांबीच्या बंदुकीचा दस्ता खांद्याशी स्थिर राहून तिचे पुढचे टोक केवळ १ मिमी. हलले, तरी छरा लक्ष्यावर सु. १ सेंमी. बाजूस लागतो आणि सु. चार गुणांचे नुकसान होते. उभा राहून नेम धरणाऱ्या निरोगी नेमबाजाच्या बाबतीत ही स्थिरता तळपाय, पाय, कंबर व पाठ यांच्या स्नायूंच्या अखंड समायोजनातून येते. मेरुरज्जूला इजा झाल्याने कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या व्यक्तीस हा पाया उपलब्ध नसतो. धडाचे स्नायूही दुर्बल असतील, तर बंदूक उचलताच शरीर पुढे कलते. ज्याच्या हातांत बंदूक पेलण्याइतके बळ नाही, त्याची अडचण आणखी वेगळी असते. म्हणून सर्वांना सरसकट एकच सवलत देता येत नाही. उणीव कोठे व किती आहे, ते पाहून आधार ठरवावा लागतो.

इतिहास : अपंगांच्या संघटित क्रीडास्पर्धांचा उगम इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात झाला. जर्मनीतून निर्वासित होऊन आलेले मज्जाविकारतज्ञ लूटव्हिख गुटमान यांच्या देखरेखीखाली तेथे १९४४ मध्ये मेरुरज्जूच्या इजेवरील उपचारकेंद्र सुरू झाले. खेळ हा उपचाराचाच भाग आहे, असे ते मानीत. लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, त्यांनी तेथे १६ अपंग स्पर्धकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. बसूनही नेम धरता येतो, हे धनुर्विद्येने दाखवून दिले होते. त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये हंगेरीचा कारोय टाकाच याने २५ मी. जलद पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात त्याचा उजवा हात निकामी झाला होता. त्यानंतर डाव्या हाताने सराव करून त्याने हे यश मिळविले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्याची पुनरावृत्ती केली. टाकाच हा मात्र सर्वसाधारण नियमांनुसार खेळला. ज्यांची उणीव केवळ हात बदलून भरून येण्यासारखी नव्हती, त्यांच्यासाठी नियमच बदलणे आवश्यक होते.

पहिले पॅरालिंपिक सामने १९६० मध्ये रोम येथे झाले. नेमबाजीचा समावेश १९७६ च्या टोराँटो येथील सामन्यांपासून झाला. अंगविच्छेदन झालेल्या आणि दृष्टिहीन खेळाडूंना पॅरालिंपिकमध्ये प्रवेश मिळाला, तोही याच सामन्यांपासून. आरंभी खेळाडूंचे गट वैद्यकीय निदानावरून पाडले जात. पोलिओ, अंगविच्छेदन, मेरुरज्जूची इजा इ. कारणे भिन्न असली, तरी नेमबाजीपुरती क्षमता सारखी असू शकते, हे ध्यानात आल्यावर निदानाऐवजी कार्यक्षमतेवर आधारलेले वर्गीकरण स्वीकारण्यात आले. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती १९८९ मध्ये स्थापन झाली. या खेळाचे जागतिक नियमन तिच्या अखत्यारीतील ‘वर्ल्ड शूटिंग पॅरा स्पोर्ट’ या नावाने चालते. स्वीडनच्या यूनास याकॉबसन याने १९८० ते २०१२ या काळात पॅरालिंपिक नेमबाजीत १७ सुवर्णपदके मिळविली.

वर्गीकरण : पॅरालिंपिक नेमबाजीत दोन मुख्य वर्ग आहेत. ‘एसएच-१’ या वर्गात आपल्या शस्त्राचे वजन स्वतः पेलू शकणारे रायफल व पिस्तूल नेमबाज येतात. ‘एसएच-२’ या वर्गात हातांतील अपंगत्वामुळे रायफलचे वजन पेलू न शकणारे नेमबाज येत असून त्यांना बंदुकीसाठी टेकण वापरता येते. या वर्गात पिस्तूल प्रकार नाही. पिस्तूल हे हातानेच पेलावयाचे शस्त्र असून त्याला टेकण दिल्यास खेळाचे स्वरूपच पालटते, हे त्याचे कारण सहज लक्षात येण्याजोगे आहे.

वर्गीकरण करणारे तज्ञ खेळाडूच्या स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल, अवयवांची लांबी व तोल यांची तपासणी करतात आणि त्यानंतर त्याला प्रत्यक्ष नेमबाजी करताना पाहतात. धडावर कितपत ताबा आहे, यानुसार खुर्चीला पाठ असावी की नसावी, असल्यास ती किती उंच असावी, हे ठरते. पोटापाठीचे स्नायू शाबूत असलेल्यास पाठीचा आधार मिळत नाही. ज्याला आधाराविना ताठ बसताच येत नाही, त्याला उंच पाठ मिळते. अपंगत्व आहे त्याहून अधिक असल्याचे भासविणे हा नियमांनुसार गंभीर अपराध मानला जातो. कारण पाठीचा आधार काही सेंटिमीटरांनी वाढला, तरी गुणांत फरक पडू शकतो.

शरीरस्थिती व साधने : सर्वसाधारण रायफल स्पर्धांतील उभी, गुडघे टेकून आणि पालथे पडून या तिन्ही शरीरस्थितींना बसून नेम धरणाऱ्यांसाठी पर्याय योजले आहेत. ‘उभ्या’ स्थितीत खेळाडू चाकाच्या खुर्चीत वा उंच आसनावर बसतो, परंतु त्याची कोपरे कशावरही टेकलेली नसतात. ‘गुडघे टेकून’ या स्थितीत एक कोपर खुर्चीस जोडलेल्या फळीवर टेकता येते. मूळ स्थितीतही एकच कोपर गुडघ्यावर टेकलेले असते. ‘पालथ्या’ स्थितीत दोन्ही कोपरे फळीवर टेकतात. अशा रीतीने शरीर कोठे आहे यापेक्षा शस्त्राला किती बिंदूंचा आधार आहे, या कसोटीवर मूळ स्थितीशी साम्य राखलेले आहे. ज्यांना उभे राहता येते, ते एसएच-१ वर्गातील खेळाडू उभे राहूनही स्पर्धेत भाग घेतात.

एसएच-२ वर्गातील टेकणाची रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तिपाईच्या वा खुर्चीस जोडलेल्या दांड्याच्या टोकावर स्प्रिंग असते आणि तिच्यावर बंदूक तोललेली असते. बंदुकीचे वजन टेकण पेलते. मात्र स्प्रिंग लवचिक असल्याने नळी सर्व दिशांना हलती राहते. दस्ता खांद्याशी व गाल दस्त्याशी भिडवून ती हालचाल थोपविणे, हे नेमबाजाचेच काम असते. टेकण ताठ असते, तर बंदूक एकदा रोखून ठेवल्यावर केवळ चाप ओढणे उरले असते आणि स्पर्धेला अर्थ राहिला नसता. स्प्रिंग किती लवचिक असावी, हेही खेळाडूच्या अपंगत्वाच्या प्रमाणानुसार ठरविले जाते. या वर्गातील ‘उभ्या’ स्थितीत टेकण असले, तरी कोपरे मोकळी असतात. ‘पालथ्या’ स्थितीत ती फळीवर टेकतात. ज्याला छरा भरता येत नाही, त्याला साहाय्यक घेता येतो. साहाय्यकाने छरा भरावा. नेमाविषयी सूचना मात्र देऊ नये.

दृष्टिहीनांसाठी ध्वनीवर आधारित पद्धती विकसित झाली आहे. बंदुकीवरील इलेक्ट्रॉनिक साधन तिचा रोख कोठे आहे, ते ओळखून कानावरील श्रवणयंत्रात स्वर उमटविते. रोख लक्ष्याच्या मध्याकडे जाऊ लागला, की स्वर चढत जातो व त्यावरून नेमबाज आपला नेम साधतो. २०२४ पर्यंत तरी पॅरालिंपिक कार्यक्रमात या प्रकाराचा समावेश झालेला नाही.

स्पर्धाप्रकार : टोकिओ व पॅरिस येथील पॅरालिंपिक सामन्यांत नेमबाजीच्या प्रत्येकी १३ स्पर्धा झाल्या, त्यांपैकी नऊ रायफलच्या व चार पिस्तुलाच्या होत्या. अंतरे १०, २५ व ५० मी. अशी असतात. दहा मीटर स्पर्धांत हवेच्या दाबाने उडणारा छरा, तर इतर अंतरांवर ५.६ मिमी. व्यासाची काडतुसे वापरतात. अनेक स्पर्धांत स्त्रिया व पुरुष एकत्र खेळतात. दहा मीटर एअर रायफलच्या प्राथमिक फेरीत ६० फैरी असून त्यांतून निवडलेल्या आठ जणांत अंतिम फेरी होते. टोकिओ व पॅरिस येथे या अंतिम फेरीत विजेत्याने २४ फैरी झाडावयाच्या होत्या. एका फैरीस दशांशासह कमाल १०.९ गुण मिळत असल्याने अंतिम फेरीची कमाल गुणसंख्या २६१.६ होते.

प्रशिक्षण व आरोग्य : बसून खेळणाऱ्यांच्या प्रशिक्षणात खांदे, मान व धड यांच्या स्नायूंचे बळ वाढविण्यावर भर असतो. श्वासनियंत्रण, चाप ओढण्यातील सहजता व मनाची एकाग्रता यांचा सराव इतरांप्रमाणेच करावा लागतो. मेरुरज्जूची इजा असलेल्यांच्या बाबतीत काही दक्षता आवश्यक ठरतात. इजेच्या खालच्या भागात घाम येण्याची क्रिया मंदावत असल्याने जाड नेमबाजी-जाकिटात शरीराचे तापमान वाढण्याचा धोका असतो. दीर्घकाळ एकाच जागी बसल्याने त्वचेवर दाबव्रण होऊ शकतात व संवेदना नसल्याने ते वेळीच कळत नाहीत. लुळ्या पायांत अकस्मात येणारे आचके नेम बिघडवितात. खुर्चीची उंची, गादी व पायटेकणी यांची व्यक्तिगत जुळणी म्हणूनच शस्त्राच्या जुळणीइतकी महत्त्वाची मानली जाते.

भारतातील स्थिती : पॅरालिंपिक नेमबाजीत भारताला पहिली पदके टोकिओ येथे २०२१ मध्ये झालेल्या सामन्यांत मिळाली. जयपूरच्या अवनी लेखरा हिला २०१२ मधील मोटार-अपघातात मेरुरज्जूची इजा झाली होती. महिलांच्या १० मी. एअर रायफल ‘उभ्या’ स्थितीच्या एसएच-१ स्पर्धेत तिने २४९.६ गुणांसह, म्हणजे प्रत्येक फैरीस सरासरी १०.४ गुण नोंदवून, सुवर्णपदक पटकाविले. पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. त्याच सामन्यांत तिने ५० मी. रायफल तीन शरीरस्थिती प्रकारात कांस्यपदकही मिळविले. ५० मी. पिस्तूल स्पर्धेत मनीष नरवाल याने सुवर्ण व सिंहराज अधाना याने रौप्यपदक मिळविले. सिंहराजला १० मी. एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदकही लाभले. मनीषच्या उजव्या हातात जन्मजात दोष आहे, तर सिंहराजचे पाय पोलिओने अधू झालेले आहेत. निदान भिन्न असूनही दोघे एकाच वर्गात खेळतात, हे कार्यक्षमतेवर आधारलेल्या वर्गीकरणाचे बोलके उदाहरण होय. कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर हा पुरुषांच्या १० मी. एअर रायफल स्पर्धेत चौथा आला. त्याचे कांस्यपदक थोडक्यात हुकले.

पॅरिस येथील २०२४ च्या सामन्यांत भारताने नेमबाजीत चार पदके मिळविली. अवनीने २४९.७ गुणांसह आपले सुवर्णपदक राखले व त्याच स्पर्धेत मोना अगरवाल हिला कांस्यपदक मिळाले. मनीष नरवाल याने १० मी. एअर पिस्तूलमध्ये रौप्यपदक, तर रुबिना फ्रान्सिस हिने महिलांच्या १० मी. एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक मिळविले.

समस्या : या खेळाच्या प्रसारातील मुख्य अडथळा स्पर्धेच्या नियमांत नसून त्यांच्या बाहेर आहे. चाकाची खुर्ची नेता येईल असा उतार, रुंद दरवाजा, वापरण्याजोगे स्वच्छतागृह व योग्य उंचीची नेमबाजीची फळी यांपैकी एकाचाही अभाव असेल, तर सर्व सवलती कागदावरच राहतात. बंदुका, जाकिटे, छरे व जुळवून घेण्याजोगी आसने महाग असतात. एसएच-२ वर्गातील खेळाडूस साहाय्यकाच्या प्रवासाचा व निवासाचाही खर्च सोसावा लागतो. त्यामुळे ज्याचे अपंगत्व अधिक, त्याला खेळही अधिक महाग पडतो. भारतातील ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ याच्या कलम ३० नुसार अपंगांचा क्रीडाक्षेत्रातील सहभाग निश्चित करणे, त्यासाठी अभ्यासक्रमांची फेररचना करणे आणि क्रीडासुविधांची पुनर्रचना करणे, ही शासनाची व क्रीडासंस्थांची जबाबदारी ठरते. टेकण, फळी व खुर्चीची पाठ यांची मापे आंतरराष्ट्रीय नियमांनी काटेकोरपणे निश्चित केलेली आहेत. नेमबाजीकेंद्राच्या दारापासून फैरीच्या जागेपर्यंतची वाट तितक्याच काळजीने आखली गेली, तरच या सवलतींचा लाभ पदकविजेत्यांपुरता मर्यादित न राहता सामान्य अपंग व्यक्तींपर्यंत पोहोचू शकेल.