तुमच्या गैरहजेरीत घर रिकामे करण्याचा निकाल लागला, तर पुढे काय?

समजा, गिरगावातल्या जुन्या चाळीत तुम्ही पगडीने राहता. आजारी आईसाठी चार महिने कोकणात होतात. परत आल्यावर आठवड्याभरात दारावर थाप पडते. बाहेर न्यायालयाचा बेलिफ, सोबत घरमालकाचा माणूस. हातात खोली ताब्यात घेण्याचे वॉरंट. दावा कधी लागला, तारखा कधी पडल्या, निकाल कधी झाला, तुम्हाला काहीच माहीत नाही.

अशा निकालाला ‘एकतर्फी हुकूमनामा’ म्हणतात. तो रद्द होऊ शकतो. मात्र, त्यासाठी दिवस मोजके असतात.

एकतर्फी निकाल म्हणजे काय?

महाराष्ट्रात भाडेकरू आणि घरमालकांचे दावे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार चालतात. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात, तर इतरत्र तिथल्या लघुवाद न्यायालयात किंवा दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्याकडे दाखल होतात. समन्स बजावूनही प्रतिवादी तारखेला आला नाही, तर न्यायालय त्याच्याविना दावा पुढे चालवू शकते. घरमालकाने पुरावा द्यायचा, तो तपासायला समोर कोणी नाही आणि मग निकाल.

यात भाडेकरू नेमके काय गमावतो? दावा थकीत भाड्याचा असेल, तर कलम १५ नुसार समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के साधे व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरून, पुढेही भाडे नियमित भरत राहिल्यास घर वाचवता येते. घरमालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तर जास्त अडचण कोणाची होईल, हे न्यायालयाला पाहावे लागते. पण तुमची अडचण सांगायला तुम्हीच हजर नसता.

निकाल लागायचा असेल तर

दावा अजून सुरू आहे, फक्त ‘एकतर्फी चालवा’ एवढाच आदेश झाला आहे, असे कळले तर लगेच वकिलामार्फत हजर व्हा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ७ खाली अर्ज करून गैरहजेरीचे योग्य कारण दिले, तर पुन्हा सामील होता येते. निकालानंतरच्या लढाईपेक्षा हे कितीतरी सोपे.

निकाल लागला असेल तर

ज्या न्यायालयाने निकाल दिला, त्याच न्यायालयात आदेश ९, नियम १३ खाली अर्ज करायचा. त्यासाठी कायदा दोनच कारणे मानतो.

१. समन्स रीतसर बजावलेच गेले नाही.
२. समन्स मिळाले होते, पण पुरेशा कारणामुळे हजर राहता आले नाही.

समन्स बजावण्याचे नियम ठरलेले आहेत. तुम्ही घरी नसाल आणि ठरावीक परिस्थितीत, तर घरातल्या प्रौढ सदस्याकडे ते देता येते. नोकर हा कुटुंबातला सदस्य धरला जात नाही. कोणी घेतलेच नाही, तर बेलिफ दारावर प्रत चिकटवतो. त्याने ती कधी, कशी चिकटवली आणि घर कोणी दाखवले, हे अहवालात लिहायचे असते. त्यामुळे बेलिफाचा अहवाल हा अशा प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद. पत्ता चुकीचा आहे का, दुसऱ्याच मजल्याचा उल्लेख आहे का, तुम्ही गावी असताना ‘समक्ष दिले’ असे लिहिले आहे का, ते पाहा.

मात्र बजावणीत बारीकशी चूक आहे, एवढ्यावर निकाल रद्द होत नाही. तारीख तुम्हाला माहीत होती आणि यायला पुरेसा वेळही होता, असे दिसले तर न्यायालय अर्ज फेटाळू शकते.

‘पुरेसे कारण’ म्हणजे काय?

याची यादी कायद्यात नाही. रुग्णालयात दाखल असणे, घरातला मृत्यू, अपघात अशी कारणे कागदपत्रांसह दिली तर विचारात घेतली जातात. ज्या तारखेच्या गैरहजेरीमुळे एकतर्फी आदेश झाला, त्या तारखेला तुम्ही का नव्हता, हा मुख्य प्रश्न असतो.

‘वकील आलाच नाही’ हे कारण नेहमी दिले जाते. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. पण वकिलपत्र देऊन दोन-तीन वर्षे चौकशीच केली नाही, तर हे कारण फारसे टिकत नाही.

मुदत किती?

अर्जासाठी मुदत ३० दिवस. समन्स मिळाले होते, तर निकालाच्या तारखेपासून. रीतसर मिळालेच नव्हते, तर निकालाची माहिती झाल्याच्या दिवसापासून. वर्तमानपत्रात जाहीर समन्स देऊन केलेली बजावणी या मोजणीपुरती ‘रीतसर’ धरली जात नाही.

उशीर झाला असेल, तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडावा. त्यात निकाल कधी, कसा, कोणाकडून कळला आणि त्यानंतर काय केले, हे तारीखवार लिहा.

अर्ज केला म्हणजे घर वाचले का?

नाही. इथेच अनेक जण फसतात. अर्ज दाखल झाल्याने ताबा घेण्याची कारवाई आपोआप थांबत नाही. घरमालकाच्या दरखास्तीला स्थगिती मिळावी म्हणून वेगळा अर्ज लागतो आणि तो त्याच दिवशी द्यावा. न्यायालय थकीत भाडे किंवा खर्च भरण्याची अट घालू शकते. म्हणून हातात थोडी रक्कम ठेवून जाणे शहाणपणाचे.

घरमालकाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल रद्द होत नाही. त्यानेही वर्षानुवर्षे तारखा मोजलेल्या असतात. निकाल रद्द झाला, तरी तुम्ही दावा जिंकला असे होत नाही. दावा पुन्हा सुरू होतो आणि तुम्हाला बाजू मांडण्याची संधी मिळते. ताबा आधीच गेला असेल, तर निकाल रद्द झाल्यावर संहितेच्या कलम १४४ खाली तो परत मागता येतो.

अर्ज की अपील?

एकतर्फी निकालावर अपीलही करता येते. मुदत ३० दिवस. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे, इतरत्र जिल्हा न्यायालयात. अर्ज आणि अपील दोन्ही एकाच वेळी करता येतात, पण अपीलाचा निकाल लागला की नियम १३ चा अर्ज चालत नाही. तुम्हाला समन्सच मिळाले नसेल, तर सहसा अर्जाचा मार्ग आधी धरला जातो. तो फेटाळला गेला, तर त्या आदेशाविरुद्धही अपील आहे.

लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर

इथे नियम वेगळे आहेत. कराराची मुदत संपूनही घर सोडले नाही, तर मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य धरून घर रिकामे करण्याचा आदेश होतो. मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट शुल्काने भरपाईही लागू शकते. या आदेशावर अपील नाही. पुनरीक्षण अर्ज आहे आणि त्याला ९० दिवसांची मुदत.

आजच काय करावे?

• न्यायालयात नक्कल अर्ज देऊन निकाल, रोजनामा आणि बेलिफाचा अहवाल यांच्या प्रमाणित प्रती घ्या.
• प्रवासाची तिकिटे, डिस्चार्ज कार्ड, वैद्यकीय दाखले एकत्र करा.
• भाड्याच्या पावत्या आणि मनीऑर्डरच्या पोचपावत्या शोधा. भाडे भरणे थांबवू नका.
• बेलिफाशी हुज्जत घालू नका. वॉरंटवरचा दावा क्रमांक लिहून घ्या, तारीख टिपा. बरेचदा मुदत त्या दिवसापासून मोजली जाते.
• ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ अॅपवर स्वतःचे नाव टाकून दावा आहे का, ते पाहा. आधीच दावा सुरू असेल, तर पुढची तारीख तिथेच कळते.
• वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतर अनेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन क्रमांक १५१००.

आणि बरेच दिवस गावी जाणार असाल, तर शेजाऱ्याला एवढेच सांगून ठेवा: दारावर कागद चिकटवला, तर फोटो काढून लगेच पाठव.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा.)