चांदीच्या पेटीखालचं कांस्य

नांदेड-लातूरहून गोव्याला गेलेली मंडळी जुन्या गोव्यातलं बॉम जेझस चर्च सहसा चुकवत नाहीत. संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी मान वर करून बघायची, फोटो काढायचा आणि समुद्रकिनारा गाठायचा. पेटीखालच्या चौथऱ्यावर चार बाजूंना कांस्याचे चार फलक बसवलेले आहेत, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ज्यांचं जातं, तेही पुष्कळदा भलतंच काहीतरी डोक्यात घेऊन परततात.

पहिला घोळ खुद्द झेवियर यांच्याबद्दलचा. एका फलकावर मोरो बेटावरचे लोक त्यांच्या अंगावर धावून आलेले दिसतात. ते पाहून 'यांना असंच मारलं, हे बायबलातले हुतात्मे' अशी समजूत होते. बायबलात धर्मासाठी दगडांचा मार खाऊन मेलेले संत म्हणजे स्टीफन. झेवियर त्यांच्यानंतर जवळपास पंधराशे वर्षांनी झाले आणि मोरोच्या हल्ल्यातून सुखरूप वाचले. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ सांच्यान बेटावर ते तापानं वारले. तो प्रसंगही फलकावर आहे, म्हणजे गैरसमजाचं उत्तर त्याच चौथऱ्यावर लावलेलं आहे!

दुसरी समजूत अशी की, पेटी आणि चौथरा दोन्ही इटलीहून आले. पेटी अस्सल गोव्याची. 1636-37 मध्ये तिथल्याच चांदीकाम करणाऱ्या कारागिरांनी ती घडवली. चौथरा आला साठेक वर्षांनी. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला झेवियर यांच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली, आणि त्याची परतफेड म्हणून त्यानं हे स्मारक करून पाठवलं. उशीच्या बदल्यात संगमरवर, रंगीत दगड आणि कांस्य! व्यवहार म्हणून पाहिलं तर गोव्याचं काही वाईट झालं नाही. काम फ्लॉरेन्सचा दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडे गेलं. तिथल्याच बोर्गो पिंतीमधली जुनी नामांकित ओतशाळा 1687 मध्ये त्याच्या ताब्यात आली होती. सगळे भाग सुटे करून जहाजानं पाठवले गेले. जोडणीसाठी प्लाचिदो राम्पोनी हा कारागीर सोबत आला आणि 1698 मध्ये त्यानं ते इथं उभे केले.

आता खरी गंमत कामाच्या पद्धतीत आहे. माणसं, झाडं, लाटा इतक्या उठावदार दिसतात की बघणारा सहज म्हणतो, 'काय कोरलंय!' पण अशी चित्रं धातूच्या पत्र्यावर छिन्नीनं कोरून निघत नाहीत, ती ओतावी लागतात. शिल्पकार आधी मातीत किंवा मेणात नमुना करतो. त्यावरून साचा काढून त्यात मेणाचा पातळ थर बसवतात. मेणाच्या त्या प्रतीला धातू आत जायला आणि हवा बाहेर पडायला मेणाच्याच नळ्या जोडतात, वरून मातीचं जाड लिंपण देतात आणि सगळं भाजतात. मेण वितळून निघून जातं आणि मागे पोकळी राहते. तीत तांबं आणि कथिल यांचा रस ओततात. हवेला वाट मिळाली नाही की नेमका नाकाचा शेंडा किंवा बोट अर्धवट राहतं. लिंपण फोडल्यावर नळ्यांचे खुंट कापायचे, शिवणी घासायच्या, बारकावे साफ करायचे. छिन्नीचं काम येतं ते इथं, शेवटी.

फलक काळपट दिसतात म्हणून त्यांत लोखंड आहे किंवा ते खराब झालेत, असंही म्हणतात. हा कांस्याच्या पृष्ठभागावरचा थर असतो. काही वेळा तो मुद्दाम चढवतात, काही वेळा हवेनं धरतो. उदगीरपलीकडच्या बिदरची बिदरी भांडी ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे सांगायला नको. तिथला काळाही जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून आणलेला असतो.

'ओतकामाची ही विद्या फिरंग्यांनी आणली' हा समज मराठवाड्यात तरी टिकायला नको. निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीत आजचं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेण वितळवून मूर्ती ओतण्याची रीत दिलेली आहे, फोज्जिनीच्या साडेपाचशे वर्षं आधी. यावरून उद्या कुणी 'इटलीवाले आपल्याकडून शिकले' असा मेसेज फिरवू नये. ग्रीक आणि रोमन ओतारी त्याहून कितीतरी आधी हेच करत होते, आणि मोहेंजोदडोची नर्तिकाही मेणातूनच आलेली.

ग्रंथातला एक बारकावा मात्र खास धंदेवाल्याचा आहे. मेणाची मूर्ती आधी तोलून घ्यायची आणि त्या वजनावरून धातू ठरवायचा: चांदी मेणाच्या बारापट, सोनं सोळापट. भट्टी पेटवण्याआधीच यजमानाला कळे, खर्च किती येणार.